गिटारवरच्या सहीचे मोल

गिरीज, प्रतिनिधी

वसई रोडहून चर्चगेटची लोकल पकडायची, मरीन लाइन्सला उतरायचे आणि चालत धोबी तलाव गाठायचा. गिरीज, निर्मळ, गास परिसरातील अनेक तरुणांच्या पहिल्या ‘खऱ्या’ गिटारचा प्रवास असाच होतो. फुर्टाडोजसारखे १८६५ पासूनचे जुने दुकान याच भागातले. काचेपलीकडे ओळीने टांगलेल्या गिटारींमध्ये हमखास दोन अशा असतात, ज्या वरवर पाहता जुळ्या बहिणी वाटाव्यात. लाकूड तेच, आकार तोच. एकीच्या अंगावर मात्र कुणा नामवंत कलाकाराची सही असते आणि तिच्या किमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा वाढलेला असतो. या सहीसाठी जादा पैसे मोजणे शहाणपणाचे आहे काय?

प्रश्न वाटतो तितका चैनीचा नाही. वसईत गिटार हे केवळ हौसेचे वाद्य राहिलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक उपासना लोकभाषेत होऊ लागली. मराठी भक्तिगीतांच्या साथीला पेटी-तबल्याबरोबर गिटारही चर्चमध्ये आली. रविवारचा गायनवृंद, नाताळातील कॅरोल, लग्नाचा मांडव, कादोडी बोलीतील गाण्यांचे कार्यक्रम अशा सगळ्या ठिकाणी तीच गिटार फिरते. थोरल्याच्या हातून ती धाकट्याकडे जाते. घरात एकच वाद्य येणार आणि ते दहा-पंधरा वर्षे टिकायचे असेल, तर सहीपोटी गेलेले काही हजार रुपये म्हणजे वर्षभराच्या शिकवणीची फी किंवा वाद्यात बसवायच्या पिकअपची किंमत असते. म्हणूनच त्या सहीचा अर्थ समजून घेणे गरजेचे ठरते.

तीन गोष्टी, एक नाव

‘अमुक कलाकाराची गिटार’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगळ्या वस्तूंची गल्लत होत असते.

पहिली, कलाकाराने स्वतः वाजवलेले वाद्य. एरिक क्लॅप्टनने १९९२ साली ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवलेली १९३९ ची मार्टिन गिटार २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७ लाख ९१ हजार ५०० डॉलरना विकली गेली. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन २०२० मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेली. हे मोल वाद्याचे नाही, त्याच्याशी जोडल्या गेलेल्या क्षणाचे आहे.

दुसरी, कलाकारासाठी मुद्दाम घडवलेले एकमेव वाद्य. अमेरिकेतील गायक-अभिनेता जीन ऑट्री याने १९३३ साली मार्टिन कंपनीकडून मोठ्या आकाराची, शिंपल्याच्या जडावकामाने नटलेली गिटार करवून घेतली. तिच्या पट्टीवर त्याचे नाव शिंपल्यातच कोरले होते. मार्टिनच्या विख्यात ‘डी-४५’ मालिकेतील ही पहिली गिटार. दुसरे महायुद्ध ऐन भरात येण्यापूर्वी, १९४२ पर्यंत, या मालिकेतील अवघी ९१ वाद्ये तयार झाली.

तिसरी वस्तू म्हणजे दुकानात मिळणारे ‘सिग्नेचर मॉडेल’. ते कारखान्यात अनेकांच्या संख्येने बनते. त्याला कलाकाराचे नाव वापरण्याची परवानगी असते आणि बहुधा विक्रीतील काही वाटा त्या कलाकाराला किंवा त्याने सुचवलेल्या संस्थेला मिळतो. कलाकाराने त्या वाद्याला हातही लावलेला नसतो. ग्राहकाच्या मनात मात्र पहिल्या वस्तूची झळाळी तिसऱ्या वस्तूवर चढते. जाहिरातीचे यश नेमके याच सरमिसळीत असते.

सुरुवात गरजेतून

याचा अर्थ सिग्नेचर मॉडेल ही केवळ बाजारू क्लृप्ती आहे, असे मात्र नाही. तिचा जन्मच एका वादकाच्या अडचणीतून झाला. अमेरिकेत १९२० च्या दशकात निक लुकास हा गायक गिटारच्या साथीने गाऊन लोकप्रिय झाला होता. त्या काळच्या लहान अंगाच्या गिटारींचा आवाज त्याला अपुरा वाटे. गिब्सन कंपनीने १९२७ च्या सुमारास त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली. अंगाने ती लहानच, पण तिची खोली वाढवलेली आणि दांडी, म्हणजे वादकांच्या भाषेत ‘नेक’, रुंद होती. कलाकाराच्या नावाने विकली गेलेली ही पहिली एकॉस्टिक गिटार असे साधारणपणे मानले जाते.

या गिटारची पुढची कथा अधिक बोलकी आहे. साधारण साडेतीन दशकांनंतर बॉब डिलन हीच ‘निक लुकास स्पेशल’ वाजवताना दिसू लागला. तोवर लुकासची कीर्ती बरीच मागे पडली होती. तरुण डिलनला तिची भुरळ पडली ती नावामुळे पडली असण्याची शक्यता कमीच. लहान अंग आणि जादा खोली यांतून निघणारा तो भरीव, नेमका आवाज मात्र तसाच राहिला होता.

दीड मिलिमीटरचा फरक

आजच्या सिग्नेचर एकॉस्टिक गिटारींच्या लाटेला मोठी चालना दिली ती क्लॅप्टनने. ‘अनप्लग्ड’च्या यशानंतर लहान अंगाच्या गिटारीला पुन्हा मागणी आली. मार्टिनने १९९५ मध्ये त्याच्या नावाची ‘०००-४२ ईसी’ काढली. तिची संख्या ४६१ इतकी ठरवली होती आणि हा आकडा क्लॅप्टनच्या १९७४ च्या एका अल्बमच्या नावातून घेतला होता. इथवर हा संग्राहकांचा मामला झाला. पण पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, कंपनीने जडावकाम वगळून त्याच धाटणीची ‘०००-२८ ईसी’ आणली. तिच्या संख्येला मर्यादा नव्हती.

या दुसऱ्या गिटारकडे नीट पाहिले की सहीचा खरा अर्थ उलगडतो. तिच्या नेकच्या वरच्या टोकाला, जिथून तारा निघतात त्या ‘नट’ची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमीटर होती. तेव्हाच्या मार्टिनच्या बहुतेक सर्वसाधारण गिटारींत ती सुमारे ४२.९ मिलिमीटर असे. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण सहा तारांमध्ये वाटला गेलेला हा दीड मिलिमीटर बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला मोकळेपणा देतो आणि जाड बोटांच्या वादकाची शेजारची तार चुकून दाबली जाण्याची शक्यता कमी करतो. नेकची पाठ जुन्या गिटारींसारखी किंचित इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची होती. आतून वरच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या तासून हलक्या केल्या होत्या. फळी हलकी असली की ती अधिक मोकळेपणाने कंप पावते.

क्लॅप्टनचे नाव येथे केवळ शोभेचे नव्हते. जुन्या गिटारीत जे गुण होते आणि नव्या उत्पादनात जे हरवले होते, ते एकत्र मागवण्याची सोय त्या नावाने करून दिली. पुढे पावणेदोन इंची नट मार्टिनच्या अनेक सर्वसाधारण मॉडेलांवरही आली. आज हे माप हवे असेल तर सहीच्या गिटारीवाचून अडत नाही. एखाद्या सहीतील मागणी रास्त असली की कालांतराने ती सर्वांची होते, आणि मग तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

नक्षी आणि नाव

दुसऱ्या टोकाला निव्वळ सजावटीची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या टेलर कंपनीची ‘बेबी टेलर’ ही पाऊणपट आकाराची गिटार १९९६ पासून बाजारात आहे. प्रवासाला सोयीची आणि लहान हातांना पेलणारी म्हणून ती नावाजली गेली. पुढे गायिका टेलर स्विफ्टच्या नावाची बेबी टेलर आली. आकार तोच, जातकुळी तीच. ठळक फरक होता तो आवाजाच्या छिद्राभोवतीच्या नक्षीचा आणि नावाचा.

अशी गिटार घेणे मूर्खपणाचे म्हणावे काय? घाईने तसे म्हणता येणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीने गिटार खुंटीवर टांगून न ठेवता रोज हातात घ्यावी, एवढाच हेतू असेल तर आवडत्या गायिकेचे नाव ते काम करू शकते. शिकाऊ वादकाच्या बाबतीत वाद्याच्या लाकडापेक्षा रोजचा अर्धा तास मोलाचा असतो. मात्र आपण आवाजासाठी नव्हे, उमेदीसाठी पैसे देत आहोत, याची पालकांना जाण असावी.

एड शीरनचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. मुंबईत २०१७ आणि २०२४ मध्ये व पुण्यात २०२५ मध्ये झालेल्या त्याच्या कार्यक्रमांमुळे इकडच्या तरुणांना तो परका नाही. एवढ्या मोठ्या मैदानावर तो वाजवत असलेली गिटार चिमुकली कशी, याचे नवल अनेकांना वाटते. मार्टिनच्या ज्या छोट्या ‘एलएक्स-१-ई’ गिटारीशी त्याचे नाव जोडले गेले, ती कंपनीच्या महागड्या वाद्यांपैकी नव्हे. तिची पाठ आणि बाजू अस्सल लाकडाच्या नसून उच्च दाबाखाली बनवलेल्या थरांच्या फळीच्या आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील सनमायकाच्या जातीचाच हा पदार्थ. तिच्यावर शीरनच्या नावाच्या आवृत्त्या निघाल्या, तशी विनासहीची मूळ गिटारही मिळत राहिली. पुढे त्याने उत्तर आयर्लंडच्या लोडन कंपनीबरोबर स्वतःच्या नावाची स्वतंत्र मालिकाच उभी केली. त्या गिटारींचा आराखडा वेगळा असल्याने तेथे तुलना नावाशी नव्हे, वाद्याशी करावी लागते.

सही परदेशी, लाकूड येथले

किमतीचा विचार करताना आणखी एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्राझीलने शिसवीच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर मार्टिन कंपनी १९६९ पासून भारतीय शिसवीकडे वळली. तेव्हापासून गिटारीची पाठ आणि बाजू यांसाठी भारतीय शिसवी जगभर प्रमाण मानली जाऊ लागली. क्लॅप्टनच्या नावाच्या ‘०००-२८ ईसी’तही हीच शिसवी वापरली जाते. लाखोंच्या घरातील विदेशी गिटारीच्या अंगावर नाव एका इंग्रज वादकाचे, पण पाठीला लाकूड भारतीय रानातले!

जागतिक वन्यजीव व्यापार करारानुसार २०१७ च्या आरंभी शिसवीच्या सर्व जातींच्या व्यापारावर कागदपत्रांची बंधने आली. वाद्यनिर्माते आणि परदेश दौऱ्यावर जाणारे वादक दोघेही त्यामुळे अडचणीत आले. अखेरीस २०१९ च्या उत्तरार्धात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ग्राहकाच्या दृष्टीने बोध साधा आहे. त्याच दर्जाच्या विनासहीच्या गिटारीतही हेच लाकूड असते. सहीमुळे लाकूड बदलत नाही. बदलले असेल, तर विक्रेत्याला ते नेमके सांगता आले पाहिजे.

मिरजेत नावाचे माप झाले

वाद्यावर कलाकाराची छाप उमटणे भारतीयांना नवे नाही. आपल्याकडे मात्र तिची वाट निराळी. मिरजेत शिकलगार घराण्यातील कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये घडवत आले आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांनी तंबोरे आणि सतारी घडवल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सतारीचे आज दोन ढोबळ प्रकार ओळखले जातात. एक ‘खरज-पंचम’ आणि दुसरा ‘गंधार-पंचम’. पहिला पंडित रविशंकर यांच्या वादनाशी जोडला गेला. त्यात खालच्या सप्तकात उतरणाऱ्या जाड तारा असतात. कोलकात्याच्या नोडू मल्लिक यांनी रविशंकर यांच्यासाठी घडवलेल्या सतारी प्रसिद्ध आहेत. दुसरा प्रकार उस्ताद विलायत खाँ यांचा. गायकी अंगाच्या वादनासाठी त्यांनी त्या खर्जाच्या तारा काढून टाकल्या आणि गंधाराची तार आणली. दोघांपैकी कुणाचीही सही सतारीच्या भोपळ्यावर नसते. तरीही विद्यार्थी कारागिराकडे जाऊन ‘रविशंकर पद्धतीची’ किंवा ‘विलायतखानी’ सतार मागतो आणि कारागिराला तारांची संख्या, जाडी, तबलीची घडण हे सारे त्या एका नावातून उमगते.

पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तर पाश्चात्त्य गिटारीला तरफा जोडून ती रागसंगीताला योग्य केली. त्या वाद्याला मोहनवीणा हे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार लाभला. येथे कलाकाराच्या नावाबरोबर वाद्यच बदलले. याउलट, हिंदी चित्रपटसंगीतातून गिटारीचा नाद घराघरांत पोहोचवणारे भूपिंदर सिंग, भानू गुप्ता यांच्यासारखे वादक. त्या काळी गाण्याच्या तबकडीवर वादकांची नावे क्वचितच छापली जात. सहीविना उमटलेली त्यांची छाप मात्र कानांना आजही ओळखू येते.

कसोटी येथेच सापडते. कलाकाराचे नाव जेव्हा वाद्याचे माप सांगते, तेव्हा ते कामाचे. ते केवळ कलाकाराची आठवण करून देते, तेव्हा त्याची किंमत आठवणीइतकीच.

वसईची हवा सही वाचत नाही

समुद्रकाठच्या गावात आणखी एक हिशेब मांडावा लागतो, तो हवेचा. अखंड लाकडाच्या गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, असे निर्माते सांगतात. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते. लाकूड ओलावा शोषते, वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा पट्टीपासून दूर जातात. त्या दाबताना बोटे दुखतात, सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट घडते, लाकूड आकसते आणि कधी फळीला तडाही जातो.

महागडी सिग्नेचर गिटार बहुधा अखंड लाकडाची असते. आवाजाच्या दृष्टीने ते भूषणच, पण बंद खोली, चांगली केस, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि ऋतू बदलताना कारागिराकडून जुळवणी ही निगा तिला लागतेच. हिराडोंगरीच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतल्या घरात, आजूबाजूला केळी आणि पाणी, अशा ठिकाणी ही शिस्त पाळणे सोपे नाही. शिवाय जे वाद्य कॅरोलसाठी रात्रभर उघड्यावर फिरणार, मांडवात हातोहात जाणार, त्याला थरांच्या फळीची साधी गिटार अधिक मानवते. शीरनच्या चिमुकल्या गिटारीचा सनमायकासारखा देह वसईत दोष नसून गुण ठरतो. तो गुण विनासहीच्या भावंडातही तितकाच आहे.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

तेव्हा दुकानात सहीच्या गिटारीसमोर उभे राहिल्यावर चार प्रश्न विचारावेत.

पहिला, या गिटारीचे विनासहीचे भावंड कोणते? जवळपास प्रत्येक सिग्नेचर मॉडेल एखाद्या चालू मॉडेलवर बेतलेले असते. दोन्ही एकाच वेळी हातात घेऊन वाजवावीत.

दुसरा, दोहोंत नेमके काय बदलले? नटची रुंदी, नेकचा आकार, तारेची लांबी, अंगाची खोली, आतील पट्ट्या, पिकअप यांपैकी काही बदलले असेल तर ते आपल्या हाताला आणि कानाला जाणवते का, हे पाहावे. उत्तर केवळ जडावकाम, नक्षी, आतले लेबल आणि प्रमाणपत्र असे आले, तर जादा रक्कम कशासाठी आहे हे स्पष्ट झाले.

तिसरा, हा कलाकार आपल्यासारखा वाजवतो का? बोटांनी हळुवार छेडणाऱ्याची गिटार गायनवृंदात जोरकस साथ करणाऱ्याला तोकडी पडू शकते. उत्तम वादकाला सोयीचे माप आपल्याही हाताला सोयीचे असेलच असे नाही.

चौथा, पुढे विकताना काय? मर्यादित संख्येच्या आवृत्तीला संग्राहक मिळू शकतो. अमर्याद बनणारी सहीची गिटार मात्र जुन्या बाजारात इतरांसारखीच वापरलेली वस्तू ठरते. त्यातच नावाची चलती ओसरली, तर तीच सही ओझे होते. गुंतवणूक म्हणून ती घेऊ नये हे उत्तम.

डोळे मिटून दोन्ही भावंडे ऐकण्याचा प्रयोग याहून सोपा. बरोबर आलेल्या मित्राने पाठीमागे उभे राहून एकच चाल दोन्हींवर वाजवावी. फरक ऐकू आला आणि आवडला, तर सहीसाठी खुशाल पैसे द्यावेत. तो ऐकू आला नाही, तर साधी गिटार घ्यावी. उरलेल्या पैशांत चांगली केस येते, एखाद्या जाणत्या कारागिराकडून तारांची उंची जुळवून घेता येते आणि तारांचे चार-सहा संचही येतात. रविवारच्या उपासनेत, शेवटच्या बाकावर बसलेल्याला गिटारीवर कुणाचे नाव आहे ते दिसत नाही. तिचे सूर जुळलेले आहेत की नाहीत, हे मात्र त्याला पहिल्याच कडव्यात कळते.